रामबाई आणि रक्ताचा रिपोट

"सही करू नोको!"

रामबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली, की दवाखान्याच्या व्हरांड्यात डबा उघडून बसलेली माणसंसुद्धा घास हातात धरून तिच्याकडे बघायला लागली. तिचा लेक खुमेंद्र पेन उघडून कागदावर वाकला होता, तो तसाच थांबला. समोर कागद धरून उभी असलेली तरुण डॉक्टरीण एक पाऊल मागे सरकली. आणि बाकावर बसलेल्या विहीणबाईंनी, सौंदडच्या सुलोचनाबाईंनी, मान वर केली. रामबाईला नेमकं तेच नको होतं.

गोष्ट दोन हजार तेरा सालच्या ऑगस्टमधली. गोंदियातल्या सरकारी बायांच्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर कमी दिवसांच्या बाळांची काचेची खोली होती. त्या खोलीत रामबाईचा तीन दिवसांचा नातू नाकात नळी घालून दिव्याखाली पडला होता. दोन महिने आधीच आला होता गडी. वजन चौदाशे ग्रॅम. घरी तांदूळ मोजायच्या पायलीत बसला असता. त्याची आई भूमेश्वरी खालच्या मजल्यावर होती. बीपी वाढून तिला झटके आले होते, तेव्हा डॉक्टरांनी पोट चिरून मूल बाहेर काढलं. आता झटके थांबले होते, पण पायावरची सूज उतरली नव्हती आणि ती कुणाशी फारसं बोलत नव्हती.

"माय, काऊन नाही म्हनून राहिली?" खुमेंद्रनं हळूच विचारलं. तो कुडव्याला एका राइस मिलमध्ये हिशेब लिहायचा. बारावी शिकलेला, त्यामुळे छापील कागद दिसला की सही करायला त्याचा हात आपोआप पुढे व्हायचा.

"एवढुसं लेकरू. त्याचं रगत कायले काढता? त्याच्या अंगात हायेच किती?"

"आजी, फक्त अर्धा मिलिलिटर," डॉक्टरीण म्हणाली. "छोट्या चमच्याचा दहावा हिस्सा. तेही रोजच्या तपासणीला घेतो तेव्हाच. वेगळी सुई टोचणार नाही."

"नाही म्हनली ना मी!"

डॉक्टरीण बिचारी भांडखोर नव्हती. "ठीक आहे, जबरदस्ती नाही. बाळाच्या इलाजात काहीच फरक पडणार नाही. विचार करून उद्या सांगा," असं म्हणून ती गेली. रामबाई धपकन बाकावर बसली. तिच्या काळजात जी धडधड चालली होती, तिचा रक्ताच्या थेंबाशी काडीचाही संबंध नव्हता.

खरं कारण थोडं आधीचं होतं, अर्ध्या तासापूर्वीचं. याच डॉक्टरणीनं व्हरांड्यात आलेल्या आयाबायांना गोळा करून समजावून सांगितलं होतं. ती नागपूरहून अभ्यासासाठी आली होती. माणसाला त्रास झाला, भीती वाटली, की अंगात एक ताणाचं संप्रेरक सुटतं. रक्तातल्या पेशींमध्ये त्याला धरणारे रिसेप्टर असतात. कमी दिवसांच्या बाळांच्या रक्तात हे धरणारे किती असतात, ते मोजायचं आहे. बाळ लवकर होणार असं दिसलं की फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून आईला जे इंजेक्शन देतात, तेसुद्धा याच रिसेप्टरांना जाऊन चिकटतं. म्हणून हे मोजणं कामाचं आहे.

यातलं इंजेक्शनापर्यंतचं सगळं रामबाईच्या डोक्यावरून गेलं. संप्रेरक म्हणजे काय ते तिला कळलं नाही आणि रिसेप्टर तर तिच्या जिभेवरही चढेना. पण ताण आणि धरणारे हे दोन शब्द तिनं घट्ट पकडले, आणि सगळ्यांदेखत एक प्रश्न विचारला.

"बाई, आईले पोटुशी असताना तरास झाला असंल, तं ते पोराच्या रगतात समजते काय?"

डॉक्टरीण घाईत होती. पलीकडून सिस्टर हाक मारत होती. "हो आजी, तेच तर बघायचंय," ती म्हणाली आणि आत पळाली.

झालं! रामबाईच्या पायाखालची जमीनच सरकली.

आता त्रास म्हणजे कोणता, ते तिला पक्कं माहीत होतं. रामबाईच्या, म्हणजे रहांगडाल्यांच्या घरी रोवण्याच्या पहिल्या दिवशी घरच्या सुनेनं हळदकुंकू वाहून धानाच्या रोपांची पहिली पेंडी रोवायची, अशी रीत. पाच मिनिटांचं काम. सून पोटुशी असली तरी तेवढं करते, त्यात काही वावगं नाही. यंदा भूमेश्वरीनं सातव्या महिन्याचं पोट सांभाळत बांधीत, पाण्यानं भरलेल्या खाचरात पाय घातला, पेंडी रोवली आणि धुऱ्यावर, कडेच्या बांधावर चढायला निघाली. नेमक्या त्या दिवशी दोन मजूर बाया आल्या नव्हत्या. रामबाई धुऱ्यावर छत्री धरून उभी होती. ती म्हणाली, "आता उतरलीच हायेस, तं हे बांधी होऊन जाऊ दे." भूमेश्वरी वाकली. तासाभरानं एकदा उभी राहून म्हणाली, "माय, डोस्कं दुखून राहिलं." त्यावर रामबाईनं काय म्हणावं? "खुमेंद्राच्या वक्ती मी शेवटच्या दिवसालोक चिखलात होती. माह्यं नाही दुखलं ते!" दुपारपर्यंत पोरगी गुडघाभर चिखलात वाकून होती. त्यानंतर आठव्या दिवशी झटके आले.

हे फक्त त्या दोघींना ठाऊक होतं. खुमेंद्र मिलमध्ये होता. मजूर बायांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नसेल. रामबाई मूग गिळून बसली होती, आणि भूमेश्वरी तर कुणाशी बोलतच नव्हती. आणि आता ही डॉक्टरीण म्हणते, पोराच्या रक्तात समजते!

समजलं तर काय होणार, हेही रामबाईला स्पष्ट दिसत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. सुलोचनाबाईंनी सातव्यातच निरोप पाठवला होता, की पोरीला सौंदडला आणून घाला. "रोवणा होऊन जाऊ द्या, मंग नेजा," असं उत्तर रामबाईनंच दिलं होतं. आता सुलोचनाबाई व्हरांड्यात बसून सारख्या मोबाइलवर कुणाला तरी सांगत होत्या, की सुट्टी झाली की पोरीला अन् लेकराला सरळ सौंदडला नेणार. किती दिवसांसाठी, ते त्या बोलत नव्हत्या. बांधीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली, की त्या पोरीला कायमची ठेवून घेतील, याबद्दल रामबाईच्या मनात शंका नव्हती. स्वतःच्या पोरीच्या बाबतीत तिनंही तेच केलं असतं.

त्यातून डॉक्टरणीच्या खिशावरच्या पाटीनं तर कहरच केला. खुमेंद्रनं वाचून दाखवलं: आचल बिसेन.

"बिसेन? आपल्यातली होय?" रामबाईनं दचकून विचारलं.

"हो, तिरोड्याकडची म्हने."

म्हणजे पोवाराचीच पोरगी. रामबाईनं कपाळाला हात लावला. आपल्या जातीत कोण कुणाचं कोण लागतं याचा हिशेब तिला तोंडपाठ होता, आणि बिसेनांची एक पोरगी सुलोचनाबाईंच्या भासऱ्याच्या, थोरल्या दिराच्या घरात दिलेली होती. परक्या डॉक्टरणीच्या हातात रिपोट गेला असता तर नागपुरात कुठंतरी फायलीत पडून राहिला असता. बिसेनांच्या पोरीच्या हातात गेला, की पुढच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या सगळ्या जिल्ह्याला कळणार. रामबाई रहांगडालेनं सुनेला चिखलात वाकवली अन् नातू दोन महिने आधी बाहेर काढला!

त्या दिवशी ती जेवली नाही. काचेपाशी जाऊन उभी राहिली. आत तो एवढासा जीव पोट खालीवर करत झोपला होता, आणि त्याच्या पायाला "भूमेश्वरीचे बाळ" असं लिहिलेली पट्टी बांधली होती. रामबाईला वाटलं, हा डोळे मिटून पडलाय खरा, पण याच्या अंगात माझं सगळं बोलणं जमा आहे. माझं नाव घ्यायला याला बोलता यायचीही गरज नाही. आणि लगेच वाटलं, आपण कसल्या बाई! नातू जगतो का मरतो ते कळत नाही, अन् आपण आपल्या अब्रूचं घेऊन बसलो. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती तिथून हटली. पण हटून जायचं कुठं, हेही तिला कळेना. जिना उतरली, पुन्हा चढली.

"अम्मा, चप्पल बाहर रखो, और एक जगह बैठो," सिस्टरनं दम दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आचल पुन्हा व्हरांड्यात दिसली. दुसऱ्या बाळांचे आईबाप सह्या करत होते. सुलोचनाबाई रामबाईजवळ येऊन बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "समदे देऊन राहिले ना वं रगत. तुमीच काऊन नाही म्हनता? त्यात काई हाये काय?"

त्यात काई हाये काय! रामबाईच्या अंगावर काटाच आला. नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर पुरावा. असं कात्रीत सापडल्यावर माणूस एकतर खोटं बोलतो नाहीतर खरं सांगून मोकळा होतो. रामबाईनं रात्रभर खोटं जुळवून पाहिलं होतं, ते जुळत नव्हतं. ती उठली आणि खालच्या मजल्यावर गेली. डॉक्टरणीच्या तोंडून कळण्याआधी आपल्याच तोंडून कळलेलं बरं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

भूमेश्वरी खाटेवर कुशीवर पडली होती. रामबाई स्टूल ओढून बसली. कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून आधी पाणी विचारलं, मग पायावरची सूज दाबून पाहिली, मग एकदाचं बोलली.

"भूमे, आयक. ते डॉक्टरीन पोराचं रगत मागून राहिली. पोटात असताना कोनं तरास देल्ला, ते त्यातून निघते म्हनते. तिच्या तोंडून आयकशील, त्यापरीस माह्याच तोंडून आयक. रोवण्याच्या दिशी मीच तुले बांधीत थांबवली. तुह्यं डोस्कं दुखून राहिलं होतं, तरी थांबवली. माह्यंच चुकलं. तुले सौंदडले जाचं असंल तं जाय. मी आडवी येत नाही."

एवढं बोलताना रामबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. सून रडेल, नाहीतर चार शब्द सुनावेल, नाहीतर म्हणेल की जाऊ द्या माय. यातलं काहीच झालं नाही. भूमेश्वरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं फक्त विचारलं, "रगतात समदंच निघते?"

"समदंच निघते म्हनते."

भूमेश्वरी भिंतीकडे वळली आणि तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. रामबाई स्टूल सरकवून उठली. संपलं, तिच्या मनात आलं, ही आता राहत नाही. मग वर जाऊन तिनं खुमेंद्रला सांगितलं, "कर सही." खुमेंद्रला ना कालचं 'नाही' कळलं होतं, ना आजचं 'हो' कळलं. त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली.

पुढचे पाच दिवस रामबाईनं रिपोटाची वाट पाहिली. आधी ज्याची धास्ती होती, तोच आता कधी येतो असं तिला झालं. भूमेश्वरीला सांगून झालंच होतं. आता कुणीतरी मशीनमध्ये बघून कागदावर लिहून द्यावं, की हो बाई, तुझ्यामुळंच झालं, नाहीतर नाही झालं. काहीतरी एक. बाळानं तेवढ्या दिवसांत नाकातली नळी सोडली आणि चमच्यानं दूध गिळायला लागलं. सून मात्र विचारलं तेवढंच बोलायची.

सहाव्या दिवशी रामबाईनं डॉक्टर आचलला जिन्यात गाठलं.

"बाई, आमच्या पोट्ट्याचा रिपोट आला काय?"

"कुठला रिपोर्ट आजी? काविळीचा, बिलिरुबिनचा? तो चांगला आहे."

"ते नाही. ताणाचा."

"अच्छा, तो!" डॉक्टरीण हसली. "त्याचा रिपोर्ट नसतो आजी. शंभर बाळांचं रक्त एकत्र तपासणार, तेही नागपूरला. बाळाचं नावसुद्धा लिहिलेलं नाही त्यावर, फक्त नंबर आहे. दीडदोन वर्षांनी एवढंच सांगता येईल, की अशा बाळांत रिसेप्टर कमी असतात की जास्त. एकाएका बाळाचं काही सांगता येत नाही."

"मंग कोनं तरास देल्ला, ते?"

"ते कसं कळणार रक्तातून?"

"तुमीच तं म्हनल्या. तेच पाहाचं हाये म्हनून."

डॉक्टर आचलनं आठवून पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं. तिनं पुस्तकांची पिशवी पायरीवर ठेवली. "आजी, मी घाईत बोलले असेन. चुकलंच माझं. आईला ताण असला तर बाळाच्या रिसेप्टरांत फरक पडतो का, एवढंच आम्ही विचारतोय. अजून आम्हालाच माहीत नाही."

"अन् तिचं बीपी? पान्यात उभी राहिली, वाकून काम केली, तं वाढते काय?"

"नक्की सांगता येत नाही. काही बायका शेतात राबतात आणि त्यांना काही होत नाही. काही पलंगावर झोपून असतात आणि त्यांचं वाढतं. गोळ्या वेळेवर घेतल्या तर आटोक्यात राहतं, एवढं खरं."

एवढी शिकलेली पोरगी, आणि तिलाही माहीत नाही! रामबाई जिन्यातच बसली. जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडेना. बिसेनांच्या पोरीच्या हातात काहीच नव्हतं, पंगतीत बोलायला काही नव्हतं. आणि रामबाईनं मात्र सुनेपुढं जाऊन स्वतःच्या हातानं स्वतःला उघडं पाडलं होतं. कशासाठी? तिला हसावं का रडावं ते समजेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्यामुळं झालं की नाही, हे आता जन्मभर कुणीच सांगणार नव्हतं.

दुपारी भूमेश्वरीला चाकाच्या खुर्चीवरून वर आणलं. बाळाला आता आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास धरून ठेवायचं होतं. दिव्याच्या उबेपेक्षा ती ऊब बरी, असं सिस्टर म्हणाली. भिंतीवर पोटाच्या पिशवीत पिल्लू घेतलेल्या कुठल्यातरी जनावराचं चित्र होतं. ते इथं कशाला लावलंय, हे रामबाईला कळलं नाही, पण आता न कळणाऱ्या गोष्टींत आणखी एकीची भर पडली तर काय बिघडणार होतं! सोबतीला एकच बाई आत घेत होते. सुलोचनाबाई डबा आणायला गेल्या होत्या, म्हणून रामबाई आत गेली.

सिस्टरनं बाळाला भूमेश्वरीच्या छातीवर उपडं ठेवलं, वरून फडक्यानं बांधलं आणि दुसऱ्या बाळाकडे वळली. भूमेश्वरी श्वाससुद्धा जपून घेत होती. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, तिनं विचारलं, "माय, रिपोटात काय निघलं?"

रामबाईला एक क्षण मोह झाला. माझं नाव नाही निघालं, असं म्हटलं असतं तर कुणी खोडून काढणार नव्हतं. पण खोटं जुळवायची ताकद आता तिच्यात उरली नव्हती.

"काईच नाही निघत म्हनते. रिपोटच येत नाही. कोनाचंच काई निघत नाही त्यातून."

भूमेश्वरीनं मान वर केली. "माह्यं बी नाही?"

"तुह्यं काय निघाचं हाये?"

भूमेश्वरीनं बाळाच्या पाठीवर हात ठेवला. "गावच्या आशाताईनं बीपीच्या गोळ्या देल्ल्या होत्या. एक बी नाही खाल्ली मी. रोज परसात फेकत होती. सहा दिवस झाले, मले वाटून राहिलं, आता डॉक्टरीन येते अन् समद्याईच्या समोर सांगते, का ह्या बाईनं सोताच आपल्या लेकराचं असं केलं."

रामबाईच्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. आपण नव्हे, ही! आणि दुसऱ्याच क्षणी, एवढ्याशा पोरीवर सगळं ढकलून आपल्याला बरं वाटलं म्हणून ती मनातल्या मनात मेली.

"काऊन फेकल्या वं?" तिनं विचारलं, तेही हळू, बाळ जागं होऊ नये म्हणून.

"तुमीच म्हनल्या होत्या, पोटुशीनं लय गोळ्या खाल्ल्या तं पोट्टं काळं निघते. मले बरंच झालं. कडू लागत होत्या त्या."

रामबाईनं खूप आठवून पाहिलं. आपण कधी म्हणालो? कुणाला म्हणालो? ओसरीवर तांदूळ निवडत बसलेलं असताना, शेजारणीशी बोलताना, सहज? म्हणालोही असू. नसूही. बांधीतला एकेक शब्द तिला पाठ होता, आणि हा शब्द, जो कदाचित सगळ्यात जास्त महागात पडला होता, तो तिला आठवतच नव्हता.

दार वाजलं. सुलोचनाबाई डबा घेऊन काचेपाशी आल्या होत्या. लेकीचे ओले डोळे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दार किलकिलं केलं. "काय झालं? काय सांगून राहिली तुमाले हे?"

भूमेश्वरीचा हात बाळाच्या पाठीवर थिजला.

"काई नाही," रामबाई म्हणाली. "पोट्ट्याचं वजन वाढलं, ते आयकून रडून राहिली."

सिस्टर आली आणि वहीत बघत म्हणाली, "मम्मी थक जाएगी तो दूसरा कौन पकडेगा? रोज का एक नाम बताओ. घर पे भी दो महीना वही पकडेगी." सुलोचनाबाईंनी लगेच डबा खाली ठेवला आणि पदर खोचला. भूमेश्वरीनं आईकडे पाहिलं, मग सासूकडे.

"माय धरंल," ती म्हणाली, आणि तिचं बोट रामबाईकडे होतं.

सुलोचनाबाईंनी खोचलेला पदर सोडला; पोरगी आता सौंदडला येत नाही, हे त्यांना लागलं, हे दिसलं. संध्याकाळी भूमेश्वरी थकली तेव्हा सिस्टरनं रामबाईला खुर्चीत बसवलं आणि पोलक्याची बटणं सोडायला लावली. साठीच्या बाईला कसली लाज वाटली म्हणून सांगू! मग चौदाशे ऐंशी ग्रॅमचा तो जीव तिच्या छातीवर आला. डोकं तिच्या गळ्याखाली टेकवून त्यानं एक जांभई दिली आणि तो झोपला. त्याच्या अंगात आपण काय काय घातलं आहे, हे रामबाईला कळत नव्हतं आणि पुढेही कळणार नव्हतं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली, आणि सिस्टर घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "थोडा वेळ राहू द्या ना बाई."